समोरच्या गच्चीवर टॉवर, हातात ट्रायफील्ड टीएफ२: या मीटरवर किती विसंबायचं?

नाशिकमधलं इंदिरानगर असो, पाथर्डी फाटा असो की गंगापूर रोड, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय एकदा तरी निघतोच. समोरच्या गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहतो, त्याला तीन दिशांना लांबट पांढऱ्या पेट्या लागतात आणि लगेच कुणीतरी सुचवतं, ‘मीटर मागवू आणि रेडिएशन मोजू.’ ऑनलाइन शोधायला बसलं की अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या अल्फालॅबचा ट्रायफील्ड टीएफ२ हमखास समोर येतो. निकाल आधीच सांगतो. घरात कुठे जास्त आणि कुठे कमी हे शोधायला हा मीटर चांगला आहे. घर मर्यादेत आहे की नाही हे ठरवायला मात्र तो घेऊ नये.

कारण त्याच्या पट्टीतच, म्हणजे तो किती ते किती मोजू शकतो यातच आहे. आरएफच्या, म्हणजे रेडिओ लहरी मोजायच्या खाचेत तो २० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी पकडतो, म्हणजे एफएम रेडिओपासून ५जीच्या ३,३०० मेगाहर्ट्झ बँडपर्यंत सगळं त्यात येतं. २६ गिगाहर्ट्झचा बँड येत नाही. आकडा मिलिवॅट प्रति चौरस मीटरमध्ये दिसतो, ०.००१ पासून १९.९९९ पर्यंत. त्यापुढे पट्टी संपते. आता भारतातली मर्यादा बघा. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९९८ च्या मर्यादेचा दहावा भाग लागू झाला. ४०० ते २,००० मेगाहर्ट्झसाठी सूत्र सोपं आहे: मेगाहर्ट्झला २,००० ने भागा, वॅट प्रति चौरस मीटर मिळतात. ९०० ला ०.४५ आणि १,८०० ला ०.९. २,००० मेगाहर्ट्झच्या वर सरसकट १ वॅट, म्हणजेच १,००० मिलिवॅट. टीएफ२ ची पट्टी २० मिलिवॅटला संपते, म्हणजे वरच्या बँडांच्या मर्यादेच्या २ टक्क्यांवर आणि ९०० च्या मर्यादेच्या साडेचार टक्क्यांच्या आत. आकडा कमाल टोकाला जाऊन अडकला म्हणून मर्यादा ओलांडली असं होत नाही. तिथे खरे ३० मिलिवॅट आहेत की ९००, हे या मीटरला कळतच नाही.

आणि ते टोक गाठणं मुळीच अवघड नाही. एका कॅरिअरचे (एका कंपनीच्या एका वाहिनीचे) २० वॅट, लहरी एका दिशेला एकवटल्याने अँटेनाची १७ डीबीआय वाढ, केबलमधली २ डीबी घट असा साधा हिशेब धरला तर अँटेनाच्या तोंडासमोर साधारण ६३० वॅटची परिणामी शक्ती होते. तिला ४ गुणिले पाय (३.१४) गुणिले अंतराच्या वर्गाने भागा. ५० मीटरवर उत्तर येतं २० मिलिवॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे बरोबर टीएफ२ चं टोक, तेही एकाच कॅरिअरवर, मोकळ्या हवेत आणि थेट झोतात. ३० मीटरवर तेच ५६ होतं. एका टॉवरवर दोन-तीन कंपन्या आणि प्रत्येकीचे तीन-चार बँड असतात, त्यामुळे समोरासमोरच्या बाल्कनीत हा मीटर अडकणं अगदी स्वाभाविक आहे. तो फोटो ग्रुपवर पडला की घबराट होते. ती घबराट मीटरच्या पट्टीमुळे झालेली असते, मर्यादेशी तिचा संबंध नसतो.

मीटरच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगायला हवी. तो फक्त आकडा दाखवतो. बाजारात हिरवा, पिवळा, लाल दिवा लावणारे स्वस्त मीटर भरपूर आहेत आणि त्यातले काही जर्मनीतल्या बाऊबायोलॉजी, म्हणजे आरोग्यदायी घरबांधणीवाल्या मंडळींच्या शिफारशींवर लाल होतात. त्या तक्त्यात १,००० मायक्रोवॅट प्रति चौरस मीटरच्या वर सगळं ‘अतितीव्र’ धरलं जातं. १,००० मायक्रोवॅट म्हणजे १ मिलिवॅट, आपल्या १ वॅटच्या मर्यादेचा हजारावा भाग. कुणाला स्वतःच्या घरासाठी तितकं कडक राहायचं असेल तर तो त्याचा अधिकार आहे, पण तो लाल दिवा दाखवून टॉवर बेकायदा ठरवता येत नाही.

एककांचा घोळ इथेच सुरू होतो, म्हणून थोडं थांबून हे पाठ करावं. १ वॅट प्रति चौरस मीटर म्हणजे १,००० मिलिवॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे १०,००,००० मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर. पण तेच मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये लिहिलं तर फक्त १०० होतात. चौरस मीटर आणि चौरस सेंटिमीटर यांत १०,००० पटींचा फरक आहे. तक्रारीच्या अर्जात नुसतं ‘५ मायक्रोवॅट’ लिहिलेलं असेल तर त्या अर्जाला काही अर्थ उरत नाही. व्होल्ट प्रति मीटरमध्ये जायचं असेल तर वॅटच्या आकड्याला ३७७ ने गुणून वर्गमूळ काढा. टीएफ२ चं २० मिलिवॅटचं टोक म्हणजे २.७५ व्होल्ट प्रति मीटर. वरच्या बँडांची मर्यादा १९.२९ व्होल्ट प्रति मीटर, तर ९०० मेगाहर्ट्झची साधारण १३.

यापेक्षा मोठी चूक खटक्याची होते. टीएफ२ मध्ये आरएफशिवाय चुंबकीय आणि विद्युत क्षेत्र मोजायच्याही खाचा आहेत. विद्युत क्षेत्राची खाच ४० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झसाठी असते आणि तीही व्होल्ट प्रति मीटरमध्येच आकडा दाखवते, पार १,००० पर्यंत. स्विचबोर्डाशेजारी, अर्थिंग नसलेल्या टेबललॅम्पजवळ किंवा भिंतीतल्या वायरिंगवर ती सहज काही दहा व्होल्ट दाखवते. ते घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचं क्षेत्र असतं. ते वाचून ‘टॉवरची मर्यादा १९, आमच्याकडे ६०’ असं लिहिणं म्हणजे किलोमीटर आणि किलोग्रॅमची तुलना झाली. मीटर हातात घेतला की पहिल्यांदा खटका आरएफवर आहे का ते बघावं आणि फोटोत तो खटका दिसलाच पाहिजे. ‘तीन-अक्षी’ (तिन्ही दिशांनी एकदम मोजणारा) ही जाहिरातही चुंबकीय क्षेत्राच्या मोजणीबद्दलची आहे. आरएफमध्ये मीटर कसा धरला यावर आकडा बदलतो.

म्हणून धरायची पद्धत महत्त्वाची. टॉवरवरच्या बहुतेक पॅनेल अँटेनांच्या लहरी उभ्या-आडव्या नसून ४५ अंशांनी डावी-उजवीकडे कललेल्या असतात. मीटर नुसता सरळ उभा धरला तर त्यातली एक बाजू कमी पकडली जाऊ शकते. एका जागी तो सावकाश उभा, आडवा आणि दोन्हीकडे ४५ अंश कलवून फिरवा आणि सर्वांत मोठा आकडा देणारी स्थिती धरून ठेवा. तुमचं शरीर टॉवर आणि मीटर यांच्या मधे येऊ देऊ नका. माणसाचं शरीर लहरी अडवतं आणि परतवतंही, त्यामुळे छातीशी धरलेल्या मीटरचा आकडा विश्वासाचा नसतो. हात पूर्ण लांब करा, नाहीतर त्याहून बरं म्हणजे मीटर पीव्हीसी पाइपला किंवा लाकडी काठीला बांधा. खिडकीच्या लोखंडी ग्रिलपासून निदान अर्धा मीटर आत या. ग्रिलजवळ आणि भिंतीजवळ परतलेल्या लहरी मिसळून काही सेंटिमीटरवर आकडा वरखाली होतो. १,८०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे उच्च आणि नीच जागांमधलं अंतर जेमतेम चार सेंटिमीटर असतं.

मोजायला बसण्याआधी घरातले सगळे फोन विमान मोडवर टाका आणि राउटरचा प्लग काढा. राउटर नुसता दुसऱ्या खोलीत नेऊन भागत नाही. शेजाऱ्यांचा वाय-फाय तुम्हाला बंद करता येणार नाही, म्हणून त्या भिंतीकडचा आकडा वेगळा टिपा. मग खोलीच्या मध्यावर १.१, १.५ आणि १.७ मीटर उंचीवर प्रत्येकी मोजा. मोबाइल टॉवरच्या मोजणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतींत याच तीन उंचींची सरासरी घेतात. आपली मर्यादा १९९८ च्या ज्या चौकटीतून आली तिथे वेळेची सरासरी ६ मिनिटांची आहे. टीएफ२ मध्ये आकडे साठवायची सोय नाही, म्हणून दर २० सेकंदांनी एक असे १८ आकडे कागदावर लिहा आणि सरासरी काढा. क्षणभर उसळलेला सर्वांत मोठा आकडा मर्यादेशी ताडून पाहायचा नसतो. तारीख, वेळ, मजला, खोली, टॉवरची दिशा आणि अंदाजे अंतर हे सगळं त्याच कागदावर लिहा. सकाळी एकदा आणि रात्री ८ ते १० च्या दरम्यान एकदा मोजा. रात्री सगळी इमारत फोनवर असते आणि टॉवरवर भार असतो.

कुठे मोजायचं, यात तर लोक सर्रास चुकतात. ज्या इमारतीच्या डोक्यावर टॉवर आहे तिच्याच वरच्या मजल्यावरच्या माणसाला सगळ्यात जास्त भीती वाटते. पण पॅनेल अँटेना झोत समोर फेकते, खाली फार कमी. उभ्या दिशेत त्या झोताची रुंदी साधारण ६ ते ८ अंश आणि खालच्या बाजूला कल काही अंशांचा असतो. अँटेना जमिनीपासून ३० मीटरवर आणि कल ४ अंश असेल तर झोताचा मध्य जमिनीला लागतो सुमारे ४३० मीटर लांब. थेट खालच्या फ्लॅटवर वरून काँक्रीटचा स्लॅबही असतो. खरी मोजणी करायची ती समोरच्या, तेवढ्याच उंचीच्या इमारतीत. ४० मीटरवर झोत फक्त ५ मीटर जाड असतो, म्हणजे दीडेक मजला. पाचव्या मजल्यावर मीटर अडकेल आणि तिसऱ्यावर नगण्य आकडा येईल, तरी दोन्ही मोजण्या बरोबर असतील. अँटेना समोरच्या इमारतीच्या गच्चीच्या ६ मीटर वर आणि दोन्ही इमारती सारख्या उंच असतील तर ४० मीटरवर झोताचा मध्य तुमच्या गच्चीच्या साधारण ३ मीटर वर येतो. गच्चीवर उभ्या माणसाच्या कमरेच्या खालीच त्याची खालची कड असते आणि पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर चढलं तर माणूस सरळ झोताच्या मध्याकडे जातो. संक्रांतीला पतंग उडवणारी पोरं नेमकी त्या चौथऱ्यावर चढतात, टाकी धुणारा माणूसही तिथेच जातो. तेव्हा एकच जागा मोजायला वेळ असेल तर बेडरूम सोडा आणि टाकीचा चौथरा मोजा.

दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत समोरासमोर, त्याच उंचीच्या इमारतीसाठी अंतरंही दिलेली आहेत: एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५. हे अंतर अँटेनाच्या तोंडासमोरचं आहे, टॉवरभोवती काढलेल्या वर्तुळाचं नाही. टेप लावून हे तपासायला मीटर लागतच नाही आणि आमच्या मते पहिली तपासणी हीच असावी.

आता ज्या गोष्टी टीएफ२ ला जमणारच नाहीत त्या. तो सगळे बँड मिसळून एकच आकडा देतो. कायद्याचा हिशेब मात्र बँडवार चालतो: प्रत्येक बँडचा आकडा त्याच्या मर्यादेने भागायचा आणि सगळ्या भागांची बेरीज १ च्या आत आहे का ते पाहायचं. समजा ९०० ला ०.०५ वॅट, १,८०० ला ०.०६ आणि २,३०० ला ०.०८ आहे. भाग पडतात ०.११, ०.०७ आणि ०.०८, एकूण ०.२६. हे मर्यादेत आहे. बँड माहीत नसतील तर एकूण ०.१९ ला सर्वांत कडक मर्यादेने भागावं लागतं. ७०० मेगाहर्ट्झही वापरात आहे, त्याची मर्यादा ०.३५, म्हणून उत्तर येतं ०.५४. तीच जागा, पण हिशेब दुप्पट. मिसळून मोजणारा मीटर वापरला तर असा कडक हिशेब करणं भाग आहे. आणि हे १९० मिलिवॅट टीएफ२ च्या पट्टीत मुळात मावतच नाहीत.

दुसरी अडचण भाराची. टॉवर नेहमी पूर्ण शक्तीने चालत नाही. रामकुंडावर एरवीच्या मंगळवारी दुपारी घेतलेला आकडा आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी लाखो फोन तिथे असतानाचा आकडा यांचा एकमेकांशी संबंध लावता येत नाही. सुरक्षेच्या मूल्यमापनात टॉवर पूर्ण भारावर गेला तर काय होईल हे काढावं लागतं. त्यासाठी बँड वेगळे करणारा निवडक मीटर लागतो, उदाहरणार्थ नार्डा कंपनीचा एसआरएम-३००६. ४जीत तो सतत चालू असणारा संदर्भ सिग्नल पकडतो, २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीत १,२०० उपवाहक (वाहिनीचे बारीक भाग) असतात, तेवढ्या पटीने तो आकडा वाढवून कमाल काढली जाते. ५जीत आणखी गुंता आहे. तिथला झोत वापरणाऱ्याकडे वळतो. त्या दिशेला कुणी डाउनलोड करत नसेल तर मीटरला जवळपास काहीच दिसत नाही. म्हणून टीएफ२ वर आलेला छोटा आकडा हाही ‘सुरक्षित’ असल्याचा दाखला नव्हे. भीती घालणाऱ्या आकड्याइतकाच धीर देणारा आकडाही इथे अपुरा आहे.

मधला पर्याय म्हणजे टीईएस-९२ सारखे खरोखर तीन-अक्षी मीटर. त्याची पट्टी १०८ व्होल्ट प्रति मीटरपर्यंत जाते, म्हणजे आपली मर्यादा तिच्या आत आरामात बसते आणि कलवत बसावं लागत नाही. पण त्याची फ्रिक्वेन्सी ३.५ गिगाहर्ट्झला संपते आणि आपला ५जी बँड ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झचा आहे. बँडचं वरचं टोक त्याच्या हमीबाहेर राहतं. तरीही सोसायटीने पैसे घालायचेच ठरवले असतील तर मर्यादेशी तुलना करण्यासाठी टीएफ२ पेक्षा हा प्रकार बरा, हे आमचं स्पष्ट मत.

सातपूर आणि अंबडच्या कारखानदारांसाठी वेगळी सूचना. प्लास्टिकचे कव्हर किंवा ताडपत्री चिकटवणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सी वेल्डिंग मशीनजवळ टीएफ२ वापरू नका. ती यंत्रं बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतात. आकड्याने ही फ्रिक्वेन्सी मीटरच्या कक्षेत येते, पण तिथे लहरीची लांबी ११ मीटर असते आणि कामगार मशीनपासून अर्ध्या मीटरवर बसलेला असतो. इतक्या जवळ विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचं ३७७ चं नातं लागू होत नाही, म्हणून वॅट प्रति चौरस मीटरचा आकडाच निरर्थक ठरतो. दोन्ही क्षेत्रं वेगळ्या प्रोबने (मीटरच्या मोजणाऱ्या टोकाने) मोजावी लागतात. आयसीएनआयआरपीच्या १९९८ च्या कामगारांसाठीच्या मर्यादा त्या फ्रिक्वेन्सीला ६१ व्होल्ट प्रति मीटर आणि ०.१६ अँपिअर प्रति मीटर आहेत. तिथल्या कामगाराला टॉवरखालच्या रहिवाशापेक्षा खरा धोका कितीतरी अधिक असू शकतो आणि त्याबद्दल कुठल्याच ग्रुपवर कुणी बोलत नाही. मशीनचं कवच सैल झालेलं असणं, अर्थिंगची पट्टी तुटलेली असणं ही तिथली नेहमीची कारणं, आणि ती मीटर यायच्या आधीच डोळ्यांनी तपासता येतात.

रहिवाशांसाठी अधिकृत वाट दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलची आहे. ते २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालं. आपल्या भागातले टॉवर नकाशावर पाहणं फुकट आहे. ठरावीक ठिकाणी मोजणी करून हवी असेल तर ऑनलाइन शुल्क भरून मागणी नोंदवता येते. सुरुवातीला ते ४,००० रुपये ठेवलं होतं, अर्ज भरताना जो आकडा दिसेल तो धरावा. ही रक्कम मीटरच्या किमतीपेक्षा कमी आहे आणि कागदावर वजन याच मोजणीला असतं.

टीएफ२ चा खरा उपयोग इथे होतो. मोजणारं पथक तुमच्या चाळीस फ्लॅटमध्ये फिरणार नाही. आधी मीटर घेऊन सगळे मजले, गच्ची आणि टाकीचा चौथरा हिंडा, जिथे आकडा टोकाला जातो त्या तीन-चार जागांवर खडूने खुणा करा आणि पथकाला त्याच जागा दाखवा. मोजणी निवडक मीटरने झाली की मिसळून, पूर्ण भाराचा हिशेब केला का, प्रोबचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे तीन प्रश्न नम्रपणे विचारा. टीएफ२ ची अचूकता ±२० टक्के सांगितलेली आहे. एक जागा दुसऱ्या जागेशी ताडायला ती पुरेशी आहे.

खरेदीचं म्हणाल तर फ्लॅटगणिक नको, सोसायटीत एक पुरे. वीस-बावीस सोसायट्यांच्या महासंघाने मिळून एक घेतला तरी चालेल, कारण वर्षातून दोनदाच लागतो. त्यात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसते, ती एमजी रोडवर कुठेही मिळते. ठेवून देताना काढून ठेवा, कारण विसरलेली बॅटरी फुगून टर्मिनल खाते. बॅटरी उतरल्याची खूण दिसत असताना घेतलेले आकडे वहीतून खोडा आणि नवी टाकून पुन्हा घ्या.